कोपऱ्यातला सिलिंडर

हे लिहायचं मी आजवर टाळत आलो. कुणी त्या दिवसांचा विषय काढला की मी व्हॅनबद्दल सांगायचो, गॅसच्या प्लँटबाहेरच्या रांगेबद्दल सांगायचो, वाचलेल्या माणसांबद्दल तर हमखास. ऐकणारे हात जोडायचे. देवळाच्या भिंतीवर आमच्या मंडळींची एक पाटी लागली आहे, तिच्यावर माझंही नाव आहे. येता-जाता ती दिसते म्हणून मी हल्ली दर्शनाला मागच्या दाराने जातो. वय ऐंशीकडे झुकलं आहे. जे खरं घडलं ते कागदावर एकदा सरळ मांडून ठेवतो.

मी शिंपी. आमची घरं म्हैसूरला किती पिढ्यांपूर्वी आली ते नीट कुणालाच ठाऊक नाही. विठ्ठलाचं देऊळ मात्र आमच्याआधीच्यांनी बांधलं आणि त्याला लागून एक सभागृह. घरात आम्ही मराठी बोलतो, पण तिच्यात कन्नड इतकी मिसळली आहे की पुण्याकडचा पाहुणा दोन वाक्यांनंतर नुसता हसत राहतो. माझं दुकान लष्कर मोहल्ल्याच्या तोंडाशी होतं. शाळांचे युनिफॉर्म हे माझं मुख्य काम.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी शाळा बंद होत्या आणि माझ्याकडे निळ्या कापडाचे तागे पडून होते. एप्रिल संपता संपता शहरात ऑक्सिजन मिळेनासा झाला. हॉस्पिटलात जागा नाही, डॉक्टर फोनवर सांगायचे, घरीच लावा, पण आणायचा कुठून ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. तेव्हा आमच्यातल्या पाच-सहा जणांनी मिळून सात सिलिंडर मिळवले. पिरियापट्टणला तंबाखूचं गोदाम असलेल्या एका व्यापाऱ्याने आपली व्हॅन दिली आणि ती चालवायला आपला चाळिशीतला ड्रायव्हरही दिला, त्याला आम्ही व्हॅनवालाच म्हणायचो. व्हॅनमध्ये वर्षानुवर्षं तंबाखूची पोती वाहिलेली. कितीही धुतली तरी वास जाईना. लोकांच्या दाराशी श्वास घेऊन जाणारी ती गाडी, आणि दार उघडलं की आधी तंबाखूचा वास यायचा.

माझं वय सत्तरच्या पुढे, त्यामुळे मला बाहेर फिरायला सगळ्यांनी बंदी केली. माझं काम सभागृहात फोनजवळ बसायचं. कुणाला किती लागतंय ते लिहून घ्यायचं आणि पुढचा सिलिंडर कुठे जाणार ते ठरवायचं. ठरवणारा मी एकटाच. हे लक्षात ठेवा.

आणखी एक काम मी आपणहून घेतलं. घरात सिलिंडर शिरताना शेजारच्यांनी पाहिला की ते त्या घरावर बहिष्कार घालायचे, दूधवालासुद्धा थांबायचा नाही. म्हणून मी पडून असलेल्या निळ्या कापडाच्या खोळी शिवल्या. खाली गोल तळ, वर नाडी. शिवताना लक्षात आलं नाही. पहिल्यांदा सातही सिलिंडर खोळी घालून भिंतीशी ओळीने उभे केले आणि मी दारातून वळून पाहिलं, तेव्हा अंगावर काटा आला. शहरातल्या सगळ्या शाळा बंद, आणि इथे सात निळी मुलं प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी. बिनचेहऱ्याची. व्हॅनवाला हसला. कन्नडमध्येच म्हणाला, "अज्जा, हजेरी घ्या आता."

आता त्या नियमाबद्दल सांगतो.

दुसऱ्या आठवड्यात एका घरी म्हातारे गृहस्थ गेले आणि त्यांचा सिलिंडर परत आला. व्हॅनवाल्याने तो भरून आणला आणि मी तो आमच्याच समाजातल्या एका घरी पाठवला. दारात त्या घरची सासू उभी. तिने सरळ विचारलं, आधी कुठे होता? व्हॅनवाल्याला खोटं बोलायची सवय नाही. त्याने सांगून टाकलं. बाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"अय्यो, ज्या घरी माणूस गेलं तिथलं इथे आणता? माझा मुलगा आत पडलाय. न्या परत. दुसरा आणा."

दुसरा जाईपर्यंत तासभर गेला. मुलगा वाचला, पण तो तास मी फोनवर ऐकला. मागे त्याची बायको रडत होती आणि पुढे सासू मला देवाची शपथ घालत होती. त्या दिवशी मी ठरवलं, ज्या घरी मृत्यू झाला त्या घरून आलेला सिलिंडर दहा दिवस बाजूला ठेवायचा. सुतक फिटलं की पुन्हा ओळीत. सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात भजनाचं साहित्य ठेवायची जागा होती, तिला पडदा होता. सिलिंडर तिथे ठेवायचे, कुणी हात लावायचा नाही. बाहेर कुणाला सांगायचं नाही.

व्हॅनवाल्याने तेवढं एकदाच विचारलं, "अज्जा, लोखंडाला कसलं सुतक?"

"लोखंडाला नाही रे. माणसांना आहे."

मला माझं उत्तर आवडलं होतं. वाटलं होतं, आपण माणसं ओळखतो, लोकांचं मन राखतो. रांगेतली माणसं मरत होती आणि मी मन राखत होतो.

मे महिना अर्ध्यावर आला तेव्हा कोपऱ्यात तीन उभे होते. त्यांच्या पाठी पडद्याकडे, तोंडं भिंतीकडे, असं मला उगाच वाटायचं. सिलिंडरला कसलं आलंय तोंड आणि कसली पाठ. त्यातला एक जवळजवळ भरलेला होता. तो पोचला आणि अर्ध्या तासात तिथली बाई गेली, त्यामुळे तसाच परत आला. गडबडीत त्याचा कॉक पुरता बंद झाला नव्हता. तो बारीक आवाज करायचा. स्सस्स. दिवसभर सभागृहात मी एकटा आणि पडद्यामागे तो आवाज. कुणी झोपलंय आणि दातांतून श्वास घेतंय, असा. दोनदा उठलो, पडद्याला हात लावला आणि परत येऊन बसलो. सुतकातल्या वस्तूला शिवायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. आता सांगायला लाज वाटते, पण भीतीही वाटत होती. पडदा बाजूला केला तर चौघं दिसतील, असं काहीतरी.

त्या दुपारी लाईट गेलेली होती. सकाळपासूनच नव्हती. साधारण तीनच्या सुमाराला जाळीच्या दाराशी गणिताचे मास्तर आले.

त्यांची ओळख करून देतो. अग्रहारातल्या जुन्या मराठी ब्राह्मण कुटुंबातले, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांच्या पँटी मी शिवल्या. मी त्यांना कन्नड पद्धतीने 'मेष्ट्रे' म्हणायचो, ते मला 'मास्टर'. "आपण दोघेही मास्तरच," ते म्हणायचे, "तुम्ही निदान मापात चूक झाली तर उसवू तरी शकता." त्यांच्या पत्नीचं सोवळं कडक. मी शिवलेला ब्लाउज पोचवायला गेलो की ती तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला सांगायची आणि पाण्यातून काढल्याशिवाय आत न्यायची नाही. अपमान वाटावा असं तिच्या वागण्यात काही नव्हतं. हसून करायची, हातात लाडू द्यायची. तरी इतकी वर्षं ते मला दिसत होतंच.

मास्तरांनी दोन मास्क एकावर एक लावले होते. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"मास्टर, आहे का हो एखादा?"

"कुणासाठी?"

"घरचीच. जेवताना अठ्ठ्याऐंशी होतं. आता चौऱ्याऐंशी. तासाला दोनाच्या हिशेबाने उतरतंय." बोट जाळीवर ठेवून ते आकडे लिहिल्यासारखं करत होते. "डॉक्टर म्हणाले, मिळेल तिथून आणा."

ओळ रिकामी होती, ती त्यांना जाळीतून दिसत होती. मी म्हणालो, "नाही हो, मेष्ट्रे. सातही बाहेर आहेत. संध्याकाळी एक भरून येतोय. पहिला तुमच्याकडेच पाठवतो."

"किती वाजता?"

"सहा. फार तर साडेसहा."

त्यांनी मनात काहीतरी मोजलं. "सहाला अठ्ठ्याहत्तर. म्हणजे चालून जाईल. चालून जायला हवं."

ते पायरीवर बसले. घरी शेजारीण पत्नीजवळ होती, इथे थांबलो तर गाडी आली की लगेच कळेल, असं म्हणाले. मी आत, ते बाहेर, मध्ये जाळी. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एरवी त्या वेळी रिक्षांचे हॉर्न, फुलवाल्या बायकांची भांडणं, शेजारच्या गिरणीची घरघर. तेव्हा काही नाही. इतकी शांतता की पडद्यामागचा तो आवाज हळूहळू पुढे सरकत आल्यासारखा वाटायला लागला. स्सस्स.

मास्तरांनी मान वळवली. "आत कसला आवाज येतोय?"

मी म्हणालो, "पंखा."

त्यांनी जाळीतून वर पाहिलं. पंखा बंद होता. पातं हलत नव्हतं. त्यावरची जळमटंसुद्धा हलत नव्हती. त्यांनी किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही. मग माझ्याकडे पाहिलं. मास्कच्या वरचे फक्त डोळे.

"हं," ते म्हणाले. "पंखा."

आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसले.

मी गप्प का बसलो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिचं सोवळं मला आठवत होतं. माझ्या हातचा ब्लाउजदेखील जी पाण्यातून काढते ती मेलेल्या बाईच्या उशाशी असलेला सिलिंडर कसा घेईल, असं मी धरून चाललो. पण हे पुरतं खरं नाही. पुरतं खरं असं की, एकदा 'नाही' म्हणून झालं होतं. आता 'आहे' म्हणायचं तर आधी खोटं बोललो हे कबूल करावं लागणार होतं, तेही ज्यांनी मला तीस वर्षं मास्टर म्हटलं त्यांच्यापुढे. आणि तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती लिहिताना हात अडतो. तिच्यासाठी नियम मोडावा असं मला आतून वाटलं नाही. कट्ट्यावर ठेवलेले ते ब्लाउज कुठेतरी मनात होते.

'सुतकातला आहे, चालेल का?' एवढंच विचारायचं होतं. मी ते विचारलं नाही.

चारनंतर त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, "बंदे, बंदे," आलो आलो, असं दोनदा म्हणाले आणि उठून चालायला लागले. धावले नाहीत. दोन वेगवेगळ्या चपलांचे दोन वेगवेगळे आवाज वळणापर्यंत ऐकू येत होते.

व्हॅन सव्वासहाला आली. मी तिला तशीच अग्रहारात पाठवली. अर्ध्या तासाने ती परत आली. व्हॅनवाल्याने सिलिंडर उतरवला. खोळीची नाडी मी बांधली होती तशीच होती.

"उघडलाच नाही, अज्जा. मी पोचायच्या आधीच..." तो थांबला. "ते गृहस्थ दारात होते. म्हणाले, मास्टरांना सांग, सिलिंडर सांगितल्या वेळेला आला. गणित माझंच चुकलं."

मी नाडीची गाठ चाचपत राहिलो.

"हा आता कुठे ठेवू? ओळीत की कोपऱ्यात?"

त्याने टोमणा मारला नव्हता. माझाच नियम तो मला विचारत होता. त्या घरी मृत्यू झाला होता, म्हणजे न उघडलेला, काठोकाठ भरलेला हा सिलिंडरसुद्धा माझ्या नियमाप्रमाणे पडद्यामागे जायला हवा होता. मी म्हणालो, "राहू दे इथेच," आणि घरी गेलो.

सकाळी मी स्वतः पडदा काढला. तिघंच होते. कॉक बंद केला. मीटरचा काटा निम्म्याच्या खाली आला होता. तेवढा ऑक्सिजन त्या कोपऱ्याने पिऊन टाकला होता. राहिला होता तो लष्कर मोहल्ल्यातल्या एका वेल्डिंगवाल्याच्या भावाला गेला. त्या घरच्यांनी आधी कुठे होता वगैरे काही विचारलं नाही. कॉक कुठल्या बाजूला फिरवायचा, एवढंच विचारलं. तो भाऊ वाचला. अजून रस्त्यात भेटला की सलाम करतो आणि मी घाईत असल्याचं दाखवतो.

"सुतक संपलं काय, अज्जा?" व्हॅनवाल्याने विचारलं. ह्या वेळी मात्र टोमणा होता.

पुढे लाट ओसरली. मास्तर महिन्याभराने सभागृहात आले. बरोबर एक इलेक्ट्रिशियन आणि खोक्यातला नवा पंखा. पत्नीच्या स्मरणार्थ सभागृहाला काहीतरी द्यायचं मनात होतं, असं त्यांनी समितीला सांगितलं. लोकांना वाटलं, गाभाऱ्यासाठी समई देतील, तांब्याचं भांडं देतील. पंखा? तरी समितीने होकार दिला. जुना काढून नवा बसवला. बटण त्यांनी स्वतः दाबलं. मी शेजारी उभा होतो. पंखा फिरायला लागला आणि ते वर पाहत, अगदी सहज आवाजात म्हणाले,

"हा आवाज करत नाही, मास्टर."

त्यानंतर कित्येक दिवस मी सभागृहात एकटा बसलो नाही.

शेवटी धीर करून त्यांच्या घरी गेलो. दसऱ्याचे दिवस होते, अग्रहारात रस्त्यांवर दिव्यांच्या माळा होत्या. त्यांनी मला आत बोलावलं, माजघरात. तिच्या हयातीत मी तिथवर कधी गेलो नव्हतो. त्यांनी स्वतः कॉफी केली. पेला हातात देताना म्हणाले, "शेवटी शेवटी ती सारखी म्हणत होती. कुठलाही आणा, कुणाचाही आणा. चाळीस वर्षांत तिच्या तोंडून 'कुणाचाही' हा शब्द मी ऐकला नव्हता."

मी पेला खाली ठेवला. "मेष्ट्रे, मला त्या दिवसाबद्दल तुम्हाला..."

"थांबा." त्यांनी हात वर केला. वर्गात करायचे तसा. "तुम्ही काय सांगायला आलात ते मला माहीत नाही. आणि मला ते माहीत व्हायला नको आहे. माझ्याकडे दोन गोष्टी आहेत. सिलिंडर नव्हता, आणि ती गेली. ह्यातली पहिली तुम्ही काढून घेतलीत तर दुसरीचं मी काय करू? कॉफी घ्या. निवेल."

मी कॉफी घेतली. ते म्हैसूरच्या उन्हाळ्याबद्दल बोलले, नातवाच्या परीक्षेबद्दल बोलले. खिडकीच्या कट्ट्याकडे मी बघत नव्हतो, तरी तो दिसत होता. निघताना त्यांनी मला एक जुनी पँट दिली, कमरेत आवळून द्यायला. ते वाळत चालले होते. मी दोन बोटं आत घेतली. पुढच्या वर्षी पुन्हा दोन. दर वेळी पँट नेताना आणि देताना मी मनाशी ठरवायचो आणि दर वेळी तो वर केलेला हात दिसायचा. खरं सांगायचं तर त्या हाताचा मला आधारही झाला होता. ऐकायला नको म्हणणारा माणूस समोर असला की न सांगणाऱ्याची सोय होते.

गेल्या पावसाळ्यात मास्तर गेले. घर रिकामं करायला त्यांची मुलगी बंगळूरहून आली. मी गेलो तेव्हा ओसरीवर सामानाची खोकी होती आणि ती जमिनीवर बसून आईच्या साड्या वेगळ्या करत होती. मला पाहून उठली. काही कळायच्या आत तिने वाकून माझ्या पायांना हात लावला.

"काका, आईच्या वेळी तुम्ही किती धावपळ केली होती ना? बाबा नेहमी सांगायचे. म्हणायचे, मास्टरांनी शब्द दिला तसा सिलिंडर पाठवला, आपल्याच नशिबात नव्हतं."

आईचं जाणं तिने ज्या गोष्टीच्या आधाराने स्वीकारलं होतं ती गोष्ट माझ्या खोट्यावर उभी होती. अडवायला आता मास्तरांचा हात नव्हता. घरात आम्ही दोघंच. बाहेर टेम्पोवाला कुणाला तरी कन्नडमध्ये घाई करत होता. बोलायला हवं होतं ते माझ्या तोंडात पूर्ण तयार होतं, एकेक शब्द.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा, बाळ," म्हणालो, आणि पायऱ्या उतरून आलो.

तिला म्हणायचं होतं ते असं: मुली, सिलिंडर होता. तुझे बाबा बसले होते तिथून पंधरा पावलांवर, पडद्यामागे. मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो आणि तुझ्या आईला विचारायचं ते विचारलं नाही. नशिबाने नाही, मी अडवला. मला माफ कर.